ट्रॅक्टरसाठी हायड्रॉलिक स्टिअरिंगची निवड

ट्रॅक्टर विकत घेताना शेतकरी अश्वशक्ती पाहतो, डिझेलचा खर्च विचारतो, टायर ठोकून पाहतो व कर्जाचा हप्ता मांडतो. चालकाचा हात मात्र दिवसभर ज्या एका भागावर असतो, त्या स्टिअरिंगची चौकशी तो क्वचितच करतो. नांगरणीच्या दिवसांत प्रत्येक तासाच्या टोकाला चक्र पुरे फिरवावे लागते. शेत लहान असल्यास अशी वळणे दिवसातून शेकडो होतात. भाताच्या चिखलणीत, द्राक्षबागेच्या अरुंद ओळींत किंवा पुढे लोडर जोडून शेणखत भरताना जड स्टिअरिंग चालकाचे खांदे व मनगटे थकवून सोडते. थकलेला चालक वळण चुकतो आणि वळण चुकलेला ट्रॅक्टर बांधावरून किंवा विहिरीच्या काठावरून खाली जाण्यास फार वेळ लागत नाही. स्टिअरिंगची निवड हा केवळ सोयीचा प्रश्न नसून सुरक्षिततेचाही आहे, हे यावरून ध्यानात येईल.

अलीकडे मध्यम अश्वशक्तीचे अनेक ट्रॅक्टर साध्या व हायड्रॉलिक अशा दोन्ही प्रकारच्या स्टिअरिंगसह मिळतात. जुन्या ट्रॅक्टरवर हायड्रॉलिक संच बसवून देणारे कारागीरही तालुक्याच्या ठिकाणी आढळतात. अशा वेळी कोणता प्रकार घ्यावा, संचाचे भाग एकमेकांशी कसे जुळवावेत व पुढे त्याची निगा कशी राखावी, याची माहिती शेतकऱ्यांस व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस असणे अगत्याचे आहे.

जडपणाचे कारण प्रथम शोधावे

स्टिअरिंग जड झाले की हायड्रॉलिक संचच हवा, असे समजण्याचे कारण नाही. पुढील टायरमध्ये हवा कमी असल्यास चाक जमिनीस अधिक चिकटते व वळविण्यास जड जाते. किंगपिनच्या बुशात ग्रीस पोहोचत नसल्यास तेथे घर्षण वाढते. स्टिअरिंगच्या पेटीतील तेल आटले असल्यास, बॉल जॉइंट गंजले असल्यास, किंवा पुढील चाकांचे तोंड पुस्तिकेत दिलेल्या मापाइतके आत वळलेले नसल्यास परिणाम तोच होतो.

यास्तव सर्वप्रथम पुढील दोन्ही टायरची हवा मापकाने तपासावी. नंतर जॅक लावून पुढील आस उचलावी, आसेखाली भक्कम ठोकळे द्यावेत व चाके हवेत असताना चक्र फिरवून पाहावे. चाके हवेत असूनही चक्र जड फिरत असेल, तर दोष सांध्यांत किंवा पेटीत आहे, असे समजावे. तो दूर न करता हायड्रॉलिक संच बसविल्यास दोष झाकला जातो. बरा होत नाही. संचाच्या जोरामुळे गंजलेला सांधा काही दिवस फिरत राहतो आणि एके दिवशी ऐन रस्त्यावर तुटतो.

चक्राची मोकळी चालही पाहावी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ प्रमाणे ही चाल ३० अंशांहून अधिक असता कामा नये. ४० सें.मी. व्यासाच्या चक्राच्या कडेवर ३० अंश म्हणजे सुमारे १० सें.मी. होतात. ही कमाल मर्यादा होय. सुस्थितीतील ट्रॅक्टरची मोकळी चाल याहून पुष्कळच कमी असते.

स्टिअरिंगचे तीन प्रकार

पहिला प्रकार साधा, म्हणजे यांत्रिक. यात चालकाच्या हाताचा जोर दात्यांच्या पेटीतून व दांड्यांतून चाकांपर्यंत पोहोचतो. खर्च कमी, दुरुस्ती गावात होते व रस्त्याची जाणीव हाताला नीट मिळते. पुढील आसेवर वजन कमी असेल आणि ट्रॅक्टरचा उपयोग मुख्यतः मळणीयंत्र किंवा पंप चालविण्यास होत असेल, तर हा प्रकार पुरेसा आहे.

दुसरा प्रकार साहाय्यक हायड्रॉलिक स्टिअरिंगचा. यात दात्यांची पेटी व दांडे तसेच राहतात. तेलाचा दाब फक्त हाताला मदत करतो. पंप बंद पडला तरी चक्र व चाके यांचा यांत्रिक संबंध तुटत नाही. चक्र जड होते, एवढेच.

तिसरा प्रकार पूर्ण हायड्रॉलिक, ज्यास हायड्रोस्टॅटिक स्टिअरिंग असेही म्हणतात. यात चक्र व चाके यांच्यामध्ये एकही दांडा नसतो. दोहोंना जोडणारे केवळ तेल व त्याच्या नळ्या असतात. त्यामुळे ट्रॅक्टरची रचना सोपी होते, चक्र हव्या त्या ठिकाणी बसविता येते व अवजड आसही एका हाताने वळते. मात्र तेल किंवा नळी यांत बिघाड झाल्यास चाकांवरील ताबा जाऊ शकतो. म्हणून निर्माते हा प्रकार मंदगती वाहनांसाठीच योग्य मानतात. शेतातील ट्रॅक्टर, लोडर, कापणीयंत्र यांस तो शोभतो. रस्त्यावर वेगाने धावणाऱ्या जीपगाडीस किंवा मालवाहू गाडीस तो बसविणे धोक्याचे आहे.

पूर्ण हायड्रॉलिक संचाचे कार्य

या संचात पाच भाग असतात : तेलाची टाकी व गाळणी, पंप, चक्राच्या खालचा ऑर्बिट्रॉल, चाके वळविणारा सिलिंडर, आणि नळ्या. ऑर्बिट्रॉल हा यातील कळीचा भाग. अमेरिकेतील मिनिॲपोलिस येथील लिन चार्लसन यांनी १९५० च्या दशकात विकसित केलेल्या आतल्या दात्यांच्या मोटारीच्या तत्त्वावर तो आधारलेला आहे. त्यात सात खाचांच्या कड्यात सहा दात्यांची चांदणी फिरते. चालक चक्र फिरवितो तेव्हा आतील झडप उघडते, पंपाचे तेल चांदणीतून मोजून जाते आणि सिलिंडरच्या एका बाजूस पोहोचते. चक्र जेवढे फिरले तेवढेच तेल पुढे जाते. चक्र थांबले की झडप बंद होते व चाके आहेत तेथे स्थिर राहतात.

ऑर्बिट्रॉलला चार तोंडे असतात : पंपाकडून येणारे, टाकीकडे जाणारे, डावीकडचे व उजवीकडचे. साध्या ट्रॅक्टरांत बहुधा खुल्या मध्याचा ऑर्बिट्रॉल वापरतात. यात चक्र स्थिर असताना पंपाचे तेल विनाअडथळा टाकीकडे परत जाते. म्हणून इंजिनावर भार पडत नाही व तेलही तापत नाही. बंद मध्याचा किंवा भारानुसार चालणारा ऑर्बिट्रॉल मोठ्या ट्रॅक्टरांत असतो व त्यास पंपही त्याच जातीचा लागतो. भंगार बाजारातून एका जातीचा ऑर्बिट्रॉल व दुसऱ्या जातीचा पंप आणून जोडल्यास तेल सतत तापते, सील जळतात व पंप लवकर झिजतो. म्हणून ऑर्बिट्रॉलवरील पट्टीचे वर्णन वाचल्याशिवाय तो विकत घेऊ नये.

निवडीचा हिशेब

संच निवडण्याचा हिशेब चाकापासून सुरू करून पंपापर्यंत न्यावा. अनेक ठिकाणी पंप आधी घेतला जातो व बाकीचे त्याला जुळविले जाते. हा क्रम उलटा आहे.

पहिली पायरी : पुढील आसेवरील वजन. साखर कारखान्याच्या किंवा बाजार समितीच्या वजनकाट्यावर फक्त पुढील चाके चढवून हे वजन घेता येते. जी अवजारे पुढे जोडावयाची, ती जोडून व भरूनच वजन घ्यावे. उदाहरणासाठी एका ट्रॅक्टरच्या पुढील आसेवर १,००० किलो वजन आहे असे धरू.

दुसरी पायरी : चाके वळविण्यास लागणारे बल. उभ्या ट्रॅक्टरची चाके कोरड्या काँक्रीटवर वळविणे हे सर्वांत कठीण काम. त्यासाठी टायरची रुंदी व किंगपिनची रेषा जमिनीस जेथे मिळते तेथून टायरच्या मध्यापर्यंतचे अंतर घ्यावे. रुंदीच्या वर्गाला ८ ने भागून त्यात या अंतराचा वर्ग मिळवावा व बेरजेचे वर्गमूळ काढावे. येथे रुंदी १५ सें.मी. व अंतर १० सें.मी. आहे, म्हणून वर्गमूळ सुमारे ११.३ सें.मी. येते. यास वजनाने व ०.७ या घर्षणांकाने गुणल्यास सुमारे ७,९०० किलो-सें.मी. इतका पीळ मिळतो.

हा पीळ देणारा स्टिअरिंगचा हात १८ सें.मी. लांबीचा असला, तरी चाके पुरी वळली असता सिलिंडर तिरपा होतो व परिणामकारक अंतर १५ सें.मी. एवढेच उरते. कमी अंतर तेच हिशेबात घ्यावे. ७,९०० ला १५ ने भागले असता सुमारे ५३० किलो बल लागते.

तिसरी पायरी : सिलिंडर. सिलिंडरचे बल म्हणजे तेलाचा दाब गुणिले दट्ट्याचे क्षेत्रफळ. ज्या बाजूस दांडा आहे त्या बाजूस दांड्याची जागा वजा होते, म्हणून ओढण्याचे बल ढकलण्याच्या बलाहून कमी असते. हिशेब कमी बलाच्या बाजूचाच करावा. ४० मि.मी. व्यासाचा व २० मि.मी. दांड्याचा सिलिंडर घेतल्यास दांड्याकडील क्षेत्रफळ सुमारे ९.४ चौ. सें.मी. येते. ८० किलो प्रति चौ. सें.मी. दाबास तो सुमारे ७५० किलो बल देतो. हे गरजेहून सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आहे. नळ्यांतील घट व सांध्यांतील घर्षण यांसाठी एवढी शिल्लक योग्य होय.

आता याच ट्रॅक्टरला पुढे लोडर लावल्यास काय होते ते पाहू. भरलेल्या लोडरसह पुढील आसेवरील वजन २,००० किलो झाले असे धरल्यास लागणारे बल सुमारे १,०६० किलो होते. पूर्वीचा ७५० किलोचा सिलिंडर येथे अपुरा पडतो. चालकास चक्र अडल्यासारखे वाटते व तो दोष पंपाला देतो; वास्तविक पंपाचा त्यात काही अपराध नसतो. येथे ५० मि.मी. व्यासाचा व २५ मि.मी. दांड्याचा सिलिंडर घ्यावा. त्याचे दांड्याकडील क्षेत्रफळ १४.७ चौ. सें.मी. आहे. ८० च्या दाबास तो १,१७६ किलो बल देतो, म्हणजे शिल्लक थोडीच राहते. १०० च्या दाबास १,४७० किलो देतो व ते पुरेसे आहे. मात्र पंप, ऑर्बिट्रॉल व नळ्या हे तिन्ही भाग १०० किलोच्या दाबास योग्य असल्याची खात्री झाल्यावाचून दाब वाढवू नये. पुढील आस, किंगपिन व टायर यांना लोडरचे वजन पेलते किंवा नाही, हेही निर्मात्याच्या पुस्तिकेत पाहावे. मोठा सिलिंडर बसविल्याने आस बळकट होत नाही.

चौथी पायरी : ऑर्बिट्रॉलचे माप. चक्राच्या एका फेऱ्यात तो किती घन सें.मी. तेल पुढे ढकलतो, हे त्याचे माप होय. ५० मि.मी. च्या वरील सिलिंडरची चाल २० सें.मी. असल्यास तो एका बाजूस सुमारे ३९३ व दांड्याच्या बाजूस सुमारे २९५ घन सें.मी. तेल घेतो. १०० घन सें.मी. चा ऑर्बिट्रॉल लावल्यास एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चक्र एका दिशेने सुमारे ३.९ फेरे, तर दुसऱ्या दिशेने २.९ फेरे फिरवावे लागते. ८० चा लावल्यास हेच फेरे ४.९ व ३.७ होतात. सामान्यतः तीन ते पाच फेरे सोयीचे ठरतात. दोन्ही दिशांचे फेरे समान हवे असल्यास दोन्ही बाजूंस दांडा असलेला सिलिंडर घ्यावा. चारही चाकांना चाल असलेल्या ट्रॅक्टरांच्या पुढील आसेत बहुधा तोच असतो.

पाचवी पायरी : पंप. चालक चपळाईने वळण घेतो तेव्हा चक्र मिनिटास ६० ते १०० फेऱ्यांच्या गतीने फिरते. १०० घन सें.मी. च्या ऑर्बिट्रॉलला म्हणून मिनिटास ६ ते १० लिटर तेल लागते. पंप इंजिनाच्याच फेऱ्यांनी फिरतो असे धरल्यास, फेऱ्यास ८ घन सें.मी. देणारा पंप १,५०० फेऱ्यांस, दहा टक्के गळती वजा जाता, सुमारे १०.८ लिटर देतो; परंतु इंजिन ७०० फेऱ्यांवर मंद चालत असता फक्त ५ लिटर देतो. बांधाकडे वळताना चालक इंजिन मंद करतो व नेमक्या त्याच वेळी तेल अपुरे पडते. १० घन सें.मी. चा पंप मंद गतीसही ६.३ लिटर देतो, म्हणून येथे तो योग्य. याहून फार मोठा पंपही घेऊ नये. जादा तेल नुसते फिरत राहते, तापते व डिझेल खाते.

पंप सामाईक असल्यास

काही ट्रॅक्टरांत अवजार उचलणारी लिफ्ट व स्टिअरिंग यांना एकच पंप असतो. अशा वेळी मध्ये अग्रक्रम झडप असणे अत्यावश्यक आहे. ही झडप प्रथम स्टिअरिंगची गरज भागविते व उरलेले तेल लिफ्टकडे सोडते. ती नसल्यास चालकाने वळणावर नांगर उचलताच स्टिअरिंगचे तेल तुटते व चक्र अचानक जड होते. साध्या टी-जोडाने तेल दोन्हीकडे वाटण्याची युक्ती काही ठिकाणी केली जाते. ती कटाक्षाने टाळावी. तेल नेहमी कमी दाबाच्या वाटेने जाते, आणि ती वाट स्टिअरिंगचीच असेल याचा भरवसा नसतो.

इंजिन बंद पडल्यास

उतारावर इंजिन बंद पडल्यास पूर्ण हायड्रॉलिक स्टिअरिंग निकामी होते, अशी एक समजूत आहे. ती पूर्णपणे खरी नाही. पंप थांबला तरी ऑर्बिट्रॉलमधील चांदणी हातपंपासारखी काम करते व चालक हाताच्या जोराने चाके वळवू शकतो. मात्र हा जोर ऑर्बिट्रॉलच्या मापाप्रमाणे वाढतो. चाके वळविण्यास २० किलो प्रति चौ. सें.मी. दाब लागत असेल व चक्राची त्रिज्या २० सें.मी. असेल, तर ६० घन सें.मी. च्या ऑर्बिट्रॉलला चक्राच्या कडेवर घर्षण सोडून सुमारे ९.६ किलो, तर १०० च्या ऑर्बिट्रॉलला सुमारे १६ किलो जोर द्यावा लागतो. सबब केवळ चक्राचे फेरे कमी व्हावेत म्हणून मोठ्या मापाचा ऑर्बिट्रॉल घेणे शहाणपणाचे नाही. नवा संच बसविल्यावर मोकळ्या व सपाट जागेत, ट्रॅक्टर अगदी हळू चालत असताना इंजिन बंद करून चक्र फिरवून पाहावे व तो जोर चालकाच्या हाताला ओळखीचा करून द्यावा. उतारावर न्यूट्रल करून ट्रॅक्टर सोडण्याची सवय तर सर्वथा टाकून द्यावी.

हलक्या स्टिअरिंगचा धोका

हायड्रॉलिक स्टिअरिंग चाके वळविते, परंतु चाकांना जमिनीवर पकड देऊ शकत नाही. पकड वजनामुळेच येते. उसाची जड ट्रॉली ओढताना किंवा मागे अवजड रोटाव्हेटर उचलताना पुढील आस हलकी होते. यांत्रिक स्टिअरिंगमध्ये चक्र हलके झाल्याचे हाताला लगेच कळते. पूर्ण हायड्रॉलिक स्टिअरिंगमध्ये चक्र नेहमीच सारखे हलके असते, म्हणून चालकास ही सूचना मिळत नाही व चाके वळूनही ट्रॅक्टर सरळ जातो. ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान २० टक्के वजन पुढील आसेवर राहावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. २,००० किलोच्या ट्रॅक्टरसाठी हे ४०० किलो होतात. ते राहत नसेल तर पुढे वजने जोडावीत किंवा ट्रॉलीतील भार कमी करावा.

डावा व उजवा ब्रेक निरनिराळा दाबून वळण घेण्याची सोय फक्त शेतातील आहे. रस्त्यावर येताच दोन्ही पायट्या खिट्टीने एकत्र जोडाव्यात.

जोडणी व हवा काढणे

जोडणीच्या वेळी स्वच्छतेस सर्वाधिक महत्त्व आहे. ऑर्बिट्रॉलमधील फटी अतिशय बारीक असतात. वाळूचा एक कणही झडप अडकवू शकतो व चक्र आपोआप फिरू लागू शकते. नळ्यांची तोंडे जोडेपर्यंत बुचांनी बंद ठेवावीत, टाकी आतून पुसून घ्यावी व निर्मात्याने सांगितलेले नवे तेलच गाळून भरावे. इंजिनातून काढलेले जुने तेल कधीही वापरू नये.

नळ्या कापडी धाग्यांच्या साध्या रबरी नसाव्यात. पोलादी तारांच्या विणीच्या व कामाच्या दाबास योग्य अशा असाव्यात. चाके दोन्ही टोकांस पुरी वळवून पाहावीत व नळी कोठे ताणली जात नाही, टायरला घासत नाही, सायलेन्सरजवळून जात नाही याची खात्री करावी. चाके पुरी वळण्यापूर्वीच सिलिंडरचा दट्ट्या टोकास लागत असल्यास वळण अपुरे राहते. उलट चाकांचे थांबे नसल्यास सर्व जोर सिलिंडरच्या टोकावर येतो. दोन्हींचा मेळ असावा.

नंतर पुढील आस उचलून, खाली ठोकळे देऊन, इंजिन मंद चालवावे. चक्र सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे अनेकदा फिरवावे व टाकीतील तेलाची पातळी राखत जावी. फेस येणे थांबले व चक्र एकसारखे फिरू लागले की हवा निघाली, असे समजावे. चक्र उजवीकडे फिरवता चाके डावीकडे जात असल्यास सिलिंडरच्या दोन नळ्या उलट जोडल्या गेल्या आहेत. ही चूक दुरुस्त केल्याशिवाय ट्रॅक्टर जागचा हलवू नये.

दोषाची लक्षणे

सावकाश फिरविल्यास चक्र हलके व जलद फिरविल्यास जड होत असेल, तर तेल अपुरे येते. पंप झिजला आहे, पट्टा घसरतो आहे किंवा गाळणी तुंबली आहे. दोन्ही वेळी जड असल्यास दाब अपुरा आहे. दाब सोडणारी झडप तपासावी. चाके थांब्याला लागल्यावरही चक्र सहज फिरत राहत असल्यास सिलिंडरचे सील किंवा ऑर्बिट्रॉल आतून गळतो आहे. टाकीत फेस असल्यास पंपाकडे तेल नेणाऱ्या नळीच्या जोडातून हवा ओढली जाते. ट्रॅक्टर सरळ न चालता भरकटत असल्यास तेलाकडे वळण्यापूर्वी किंगपिनची झीज पाहावी.

चक्र टोकास नेऊन तेथेच दाबून धरण्याची सवय वाईट. त्या वेळी झडपेतून तेल पूर्ण दाबाने सुटते व थोड्याच वेळात तापते. चक्र टोकास लागताच किंचित मागे घ्यावे.

रोज सकाळी तेलाची पातळी, नळ्यांचे जोड व सिलिंडरचा दांडा पाहावा. दांड्यावर सुकलेला चिखल राहिल्यास तो सील कापतो, म्हणून चिखलणीनंतर दांडा धुऊन पुसावा. तेल व गाळणी पुस्तिकेत दिलेल्या तासांनंतर बदलावी. मळणीच्या धुळीत काम असल्यास गाळणी त्याआधीच तपासावी.

तेलाच्या फवाऱ्यापासून जपावे

नळीला सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले तरी त्यातून तेल अत्यंत वेगाने बाहेर पडते. हा फवारा डोळ्यांना सहसा दिसत नाही, परंतु तो कातडी भेदून मांसात शिरतो. जखम काटा टोचल्यासारखी लहान दिसते, वेदनाही प्रथम थोडी असते. म्हणून माणूस हळद लावून कामास लागतो. आत शिरलेले तेल मात्र मांस सडविते, आणि उपचारास उशीर झाल्यास बोट किंवा हात कापावा लागण्याची वेळ येते. गळती शोधण्यासाठी हात कधीही फिरवू नये. पुठ्ठ्याचा तुकडा नळीजवळून लांबून फिरवावा. तेल त्यावर उमटते. जोड सैल करण्यापूर्वी इंजिन बंद करावे, लोडर व अवजार जमिनीस टेकवावे व चक्र दोन्हीकडे फिरवून दाब सोडावा. इतके करूनही तेल कातडीत शिरले, तर जखम कितीही लहान दिसो, त्याच तासात शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे व हायड्रॉलिक तेल दाबाने आत गेले आहे, असे डॉक्टरांस स्पष्ट सांगावे.

खरेदीपूर्वी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. जुन्या ट्रॅक्टरवर संच बसविण्यापूर्वी त्याच ट्रॅक्टरसाठी निर्मात्याचा संच मिळतो काय हे प्रथम पाहावे व प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी. वेगवेगळ्या गाड्यांचे भाग जोडून तयार केलेला संच स्वस्त पडतो, परंतु अपघात झाल्यास त्याची जबाबदारी मालकावर येते.

नवा ट्रॅक्टर घेणाराने मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेचा चाचणी अहवाल विक्रेत्याकडे मागावा. ही संस्था १९५५ साली स्थापन झाली व ट्रॅक्टरांची चाचणी करते. अहवालातील आसेवरील वजनाची वाटणी व वळणाची त्रिज्या हे आकडे या विषयात विशेष उपयोगाचे आहेत.

कार्यकर्त्यांनी विचारावयाचे प्रश्न

शेतकरी सल्ल्यास आल्यास ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने त्यास पुढील प्रश्न क्रमाने विचारावेत :

१. टायरची हवा, किंगपिन व सांधे तपासले आहेत काय?
२. पुढे लोडर जोडावयाचा आहे काय? भरलेल्या स्थितीत पुढील आसेवर वजन किती?
३. दांड्याच्या बाजूने सिलिंडर पुरेसे बल देतो काय?
४. चक्राचे फेरे तीन ते पाच येतात काय, व इंजिन बंद असता एक माणूस चक्र फिरवू शकतो काय?
५. इंजिन मंद असता पंप पुरेसे तेल देतो काय? पंप सामाईक असल्यास अग्रक्रम झडप आहे काय?
६. ऑर्बिट्रॉल व पंप एकाच जातीचे आहेत काय?
७. बदल कायद्यात बसतो काय?

या सातही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाल्यासच पैसे गुंतविण्याचा सल्ला द्यावा. एकाही प्रश्नाचे उत्तर संशयास्पद असल्यास खरेदी थांबवावी व ट्रॅक्टर प्रथम वजनकाट्यावर न्यावा. त्यास लागणारा खर्च थोडा असतो आणि बहुतेक चुकीचे निर्णय तेथेच टळतात.